दहावी विज्ञान भाग २: येत असलेल्या उत्तराचे पूर्ण गुण कसे मिळवायचे

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ च्या उत्तरपत्रिका तपासताना एका प्रकारच्या उत्तराचं फार वाईट वाटतं. पाठ वाचलेला असतो, अक्षर चांगलं असतं, पान भरलेलं असतं, आणि तरीही तीनपैकी दीडच गुण द्यावा लागतो. प्रश्नाने विचारलेलं असतं एक, आणि उत्तरात उतरलेलं असतं त्या पाठातलं आठवेल ते सगळं. अशा मुलांना "अजून पाठ कर" म्हणून काही उपयोग होत नाही. त्यांना येतं आहेच, लिहायचं कसं ते कुणी बसवून घेतलेलं नसतं.

हा लेख राज्य मंडळाचा पेपर समोर ठेवून लिहिला आहे. भाग २ मध्ये बहुतांश जीवशास्त्रच येतं. सीबीएसई किंवा गोवा मंडळाच्या मुलांचा आराखडा वेगळा असेल, पण कारण कसं लिहायचं, फरक कसा मांडायचा, आकृती कशी काढायची हे त्यांनाही लागू पडेल. नववीत असाल तर फारच छान, सवय लावायला एक वर्ष जास्त मिळेल.

आधी पेपर ओळखून घ्या

भाग २ चा लेखी पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. भाग १ चे ४० आणि प्रात्यक्षिकाचे २० धरून विज्ञानाचे १०० होतात. या चाळीस गुणांची विभागणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या प्रश्नात पाच बहुपर्यायी आणि पाच एका गुणाचे छोटे प्रश्न, असे १० गुण. दुसऱ्या प्रश्नात आधी शास्त्रीय कारणं, तीनपैकी दोन, ४ गुण. मग पाचपैकी तीन प्रश्न, प्रत्येकी २, म्हणजे ६ गुण. तिसऱ्यात आठपैकी पाच, प्रत्येकी ३, म्हणजे १५ गुण. चौथ्यात दोनपैकी एक, ५ गुण.

यातून दोन गोष्टी लगेच कळतात. सगळ्यात जड प्रश्न तिसरा आहे. मुलांची भीती मात्र चौथ्यावर जाऊन बसते, कारण तो 'मोठा' वाटतो. तयारीचा जास्त वेळ तीन गुणांच्या उत्तरांना द्यायला हवा. दुसरी गोष्ट, पहिल्या प्रश्नाला पर्याय नाही. तिथे दहाही पाठांतून काहीही येऊ शकतं. 'हरित ऊर्जेच्या दिशेने' आणि 'आपत्ती व्यवस्थापन' हे पाठ जीवशास्त्राचे नाहीत म्हणून बाजूला टाकणारी हुशार मुलं दरवर्षी दिसतात. ते पाठ सोपे आहेत. एकदा नीट वाचलेत तरी गुण देऊन जातात.

शाळेच्या घटक चाचणीचा आराखडा थोडा वेगळा असू शकतो, तो सरांना किंवा बाईंना विचारून घ्या.

प्रश्न दोनदा वाचा, आणि काय करायला सांगितलंय त्याखाली रेघ मारा

'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'शास्त्रीय कारण लिहा', 'टीप लिहा', 'नामनिर्देशित आकृती काढा', 'उदाहरणासह स्पष्ट करा', 'ओघतक्ता पूर्ण करा'. प्रत्येक सूचनेचं उत्तर दिसायला वेगळं असतं. अलैंगिक प्रजननावरचा प्रश्न आला म्हणजे त्या पाठातलं सगळं लिहायचं, असं नाही. 'कलिकायन आकृतीसह स्पष्ट करा' म्हटलं तर हायड्राची आकृती आणि शेजारी तीनचार ओळी. 'अलैंगिक प्रजननाचे प्रकार लिहा' म्हटलं तर द्विविभाजन, बहुविभाजन, कलिकायन, खंडीभवन अशी नावं आणि प्रत्येकाला एकेक उदाहरण. पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर लिहिलं, तर लिहिलेलं खरं असूनही गुण देता येत नाहीत.

'उदाहरणासह' आणि 'नामनिर्देशित' हे दोन शब्द फार महागात पडतात. उदाहरण विसरलं की एक गुण गेला, आकृतीला नावं दिली नाहीत की अर्धी आकृती गेली. प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने त्या शब्दाखाली रेघ मारायला दोन सेकंद लागतात.

शास्त्रीय कारणं: इथे सावकाश जा

सगळ्यात जास्त गळती इथे होते, म्हणून एक प्रश्न अगदी जवळून पाहू. प्राण्यांच्या वर्गीकरणाच्या पाठात असा प्रश्न आहे: कासव जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे राहते, तरीही त्याचा समावेश उभयचर वर्गात होत नाही. कारण द्या.

बहुतेक वह्यांमध्ये दिसणारं उत्तर साधारण असं असतं: "कासव हा सरपटणारा प्राणी आहे. तो पाण्यात व जमिनीवर राहतो. त्याला कठीण कवच असते. तो खूप वर्षे जगतो. म्हणून त्याचा समावेश उभयचर वर्गात होत नाही."

पाच वाक्यं आहेत आणि एकही खोटं नाही. तरी दोन गुण मिळणार नाहीत. पहिलं वाक्य म्हणजे निष्कर्ष आहे, तो सिद्ध करायचा होता. दुसरं वाक्य प्रश्नातलंच आहे. कवचाचा मुद्दा कामाचा ठरला असता, कारण उभयचरांना बाह्यकंकाल नसतं, पण ती तुलना उत्तरात केलेलीच नाही. आयुष्याचा वर्गीकरणाशी काही संबंध नाही. आणि अख्ख्या उत्तरात उभयचर कोणाला म्हणायचं याचा एक शब्दही नाही. ज्या वर्गात तो बसत नाही असं सांगायचंय, त्या वर्गाची लक्षणं आधी सांगायला नकोत का?

आता हे वाचा:

"उभयचर प्राणी डिंभावस्थेत फक्त पाण्यात राहतात व जलश्वसन करतात; त्यांची त्वचा मृदू व ओलसर असते, त्यांना बाह्यकंकाल नसते आणि अंगुलींना नखे नसतात. कासवात अशी डिंभावस्था नसते; ते फुफ्फुसांद्वारे श्वसन करते, त्याची त्वचा कोरडी व खवलेयुक्त असते आणि अंगुलींना नखे असतात. ही सरीसृप वर्गाची लक्षणे असल्याने, पाण्यात राहत असले तरी कासवाचा समावेश उभयचर वर्गात होत नाही."

फक्त तीन वाक्यं. पहिल्यात नियम, दुसऱ्यात प्रश्नातला प्राणी त्या नियमाला कुठे आणि कसा धरून नाही ते, तिसऱ्यात दोन्हींची सांगड घालून प्रश्नाचं उत्तर. दोन गुणांचं कारण बहुतेक वेळा या तीन वाक्यांत बसतं. वटवाघूळ उडतं तरी पक्षी का नाही, हा प्रश्न घ्या आणि याच पद्धतीने आत्ताच लिहून बघा. पक्ष्यांची लक्षणं, वटवाघळाची लक्षणं, सांगड.

काही कारणं वर्गीकरणाची नसतात, एखादी प्रक्रिया उलगडणारी असतात. खूप व्यायाम केल्यावर थकवा का येतो? "लॅक्टिक आम्ल साठते म्हणून" एवढं लिहिणाऱ्याला उत्तर माहीत आहे हे तपासणाऱ्याला कळतं, पण मधल्या पायऱ्या कागदावर नसल्या की गुण अर्धेच. साखळी पूर्ण लिहा: व्यायामात स्नायूंना जास्त ऊर्जा लागते, त्या मानाने ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून स्नायूपेशी विनॉक्सिश्वसन करतात, त्यात ऊर्जा कमी मिळते आणि लॅक्टिक आम्ल साठतं, म्हणून थकल्यासारखं वाटतं. घरी सराव करताना प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला 'का?' विचारा. पुढच्या वाक्यात त्याचं उत्तर आलं तर साखळी जुळली. नाही आलं, तर तिथे एक कडी राहिली आहे.

तिसरा प्रकार जोडविधानाचा. 'सर्व पृष्ठवंशीय प्राणी समपृष्ठरज्जू असतात, परंतु सर्व समपृष्ठरज्जू प्राणी पृष्ठवंशीय नसतात.' 'परंतु'च्या अलीकडे एक प्रश्न आहे, पलीकडे दुसरा. पृष्ठवंशीयांमध्ये पृष्ठरज्जू असतो आणि त्याच्या जागी पाठीचा कणा तयार होतो, हे लिहून मुलं थांबतात. पलीकडच्या अर्ध्यासाठी युरोकॉर्डाटा आणि सेफॅलोकॉर्डाटा हवेतच. हर्डमानिया, अँफिऑक्सस यांना पृष्ठरज्जू असतो, कणा नसतो. 'परंतु', 'तरीही', 'मात्र' असा शब्द प्रश्नात दिसला की उत्तराचे दोन भाग होणार हे धरूनच चाला.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. शेवटचं वाक्य 'म्हणून...' करत प्रश्नातलं विधान पुन्हा लिहायचं असतं. ते लिहा जरूर, पण त्याला स्वतःचा गुण नसतो. सगळी ताकद त्याच्या आधीच्या दोन वाक्यांत असू द्या.

फरक, व्याख्या, टीप

फरक लिहिताना उभी रेघ मारून दोन रकाने केले म्हणजे फरक झाला, असा समज आहे. डाव्या रकान्यात 'सूत्री विभाजन कायिक पेशींत होते' आणि त्यासमोर उजवीकडे 'अर्धगुणसूत्री विभाजनात चार पेशी तयार होतात' असं असेल, तर तो फरक नव्हे. दोन वेगळ्या गोष्टींची ती दोन वेगळी वाक्यं झाली. सोपा उपाय म्हणजे आधी कच्च्यात मुद्दे ठरवायचे. कुठे होतं? किती जन्यपेशी तयार होतात? गुणसूत्रांची संख्या तेवढीच राहते की निम्मी होते? जनुकीय पुनःसंयोग होतो का? मग प्रत्येक मुद्द्यावर दोन्हीकडे लिहायचं. सूत्री विभाजनात दोन जन्यपेशी, समोर अर्धगुणसूत्रीत चार. सूत्रीत संख्या तीच, समोर निम्मी. दोन गुणांना असे दोन मुद्दे पुरतात, तीन गुणांना तीन. जास्त लिहायचा मोह होतो, पण चौथ्या मुद्द्याला गुण नाही आणि वेळ मात्र जातो.

व्याख्येचं गणित निराळं आहे. तिच्यात दोनतीन शब्द असे असतात की ते नसले तर व्याख्या दुसऱ्याच गोष्टीची होते. पहिल्या पाठातली प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण ही तिकडी बघा. ऐकायला सारखी, म्हणून परीक्षेत हमखास उलटसुलट होतात. डीएनएवरून एमआरएनए तयार होणं म्हणजे प्रतिलेखन. एमआरएनएवरच्या संदेशानुसार टीआरएनएने अमिनो आम्लं आणून पुरवणं म्हणजे भाषांतरण. रायबोझोमने एमआरएनएवर एकेका ट्रिप्लेट कोडॉनच्या अंतराने सरकत जाणं म्हणजे स्थानांतरण. एकात डीएनए आहे, दुसऱ्यात टीआरएनए, तिसऱ्यात सरकणारा रायबोझोम. हे तीन शब्द पक्के धरा, बाकीचं वाक्य तुमच्या भाषेत झालं तरी चालेल. प्रत्येक पाठाच्या व्याख्यांमधले असे शब्द रंगीत पेनने अधोरेखित करून ठेवा. व्याख्या तशीच्या तशी घोकण्यापेक्षा ही मेहनत कमी आहे आणि उपयोग जास्त.

टीप लिहिताना परिच्छेद नको, मुद्दे हवेत. तीन गुणांच्या टिपेत तीन वेगवेगळे मुद्दे दिसले पाहिजेत. लॅमार्कवादावर टीप आली तर: इंद्रियांचा वापर व न वापर हा विचार, उदाहरणं, म्हणजे पानं खाण्यासाठी ताणत ताणत लांब झालेली जिराफाची मान किंवा न वापरल्यामुळे कमजोर झालेले शहामृगाचे पंख, आणि आयुष्यात मिळवलेले बदल पुढच्या पिढीकडे जातात हे त्याचं म्हणणं, जे पुढे टिकलं नाही. बरीच मुलं जिराफावरच अर्धं पान लिहितात. तो एकच मुद्दा आहे, कितीही फुगवला तरी.

आकृती

जीवशास्त्रात आकृती हेच उत्तर असतं, त्यामुळे ती पाठ करण्यापेक्षा हाताला बसवावी लागते. फूल आणि त्याचे भाग, मानवी प्रजनन संस्था, दुहेरी फलन, सूत्री विभाजनाच्या अवस्था, हायड्राचं कलिकायन, अमिबाचं द्विविभाजन: एवढ्यांपासून सुरुवात करा.

सूत्री विभाजनाची मध्यावस्था एकदा माझ्याबरोबर काढा. एक लंबगोल पेशी, बाहेर एकच स्पष्ट रेषा. केंद्रकावरण काढायचं नाही! या अवस्थेत ते पूर्णपणे नाहीसं झालेलं असतं, आणि सवयीने मधे गोल काढणारे इथे सापडतात. दोन विरुद्ध टोकांना तारकाकेंद्रं. पेशीच्या मधोमध, विषुववृत्तीय प्रतलावर, एका ओळीत गुणसूत्रं. पुस्तकातल्याइतकीच काढायला हवीत असं नाही, चार पुरे, पण प्रत्येकाचे दोन अर्धगुणसूत्र आणि ते जिथे जोडलेले असतात तो गुणसूत्रबिंदू दिसला पाहिजे. मग दोन्ही तारकाकेंद्रांपासून गुणसूत्रबिंदूंपर्यंत तुर्कतंतू. आता उजव्या बाजूला नावं: तारकाकेंद्र, तुर्कतंतू, गुणसूत्र, गुणसूत्रबिंदू. खाली शीर्षक: सूत्री विभाजन – मध्यावस्था.

आता हीच आकृती थोडी बदलून पश्चावस्था काढा. गुणसूत्रबिंदू विभागले, अर्धगुणसूत्रं वेगळी होऊन विरुद्ध टोकांकडे निघाली. पुस्तकात त्यांना केळीच्या घडाप्रमाणे दिसणारी म्हटलंय ते याच अवस्थेत. एका अवस्थेतून दुसरीत नेमकं काय बदललं हे कळलं की चार आकृत्या वेगवेगळ्या लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, आणि अवस्था ओळखायचा प्रश्न आला तरी गडबड होत नाही.

काढायची पद्धत साधीच आहे. टोकदार पेन्सिल, एका फटक्यात रेषा. गिरवलेल्या, केसाळ रेषा नकोत. छायांकन नको. नावांच्या रेषा पट्टीने, आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या, आणि रेषेचं टोक त्या भागाला टेकलेलं. परागकोशाची रेषा वृंतापाशी थांबली तर तपासणाऱ्याने काय समजायचं? नावं शक्यतो सगळी एकाच बाजूला, एकाखाली एक. आकृती निदान पाव पान तरी व्यापेल एवढी मोठी असू द्या, कारण लहान आकृतीत नावं दाटीवाटीने बसतात. रंग भरायला वेळ नाही आणि त्याची गरजही नाही.

पेपरात "आवश्यक तेथे योग्य, नामनिर्देशित आकृती काढावी" अशा अर्थाची सूचना असते. म्हणजे प्रश्नात 'आकृती काढा' असं न म्हणताही, जिथे ती उत्तर सोपं करते तिथे छोटीशी काढायला हरकत नाही. दुहेरी फलन शब्दांत लिहिताना जी दमछाक होते, ती एका आकृतीने वाचते.

एका गुणाचे प्रश्न

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण एक नियम कायम लक्षात ठेवा. बहुपर्यायी प्रश्नात पहिल्या प्रयत्नाचंच मूल्यमापन होतं, असं प्रश्नपत्रिकेच्या सूचनांमध्येच लिहिलेलं असतं. म्हणजे 'ब' लिहून, खोडून 'क' केलं तर उपयोग नाही. विचार आधी, पेन नंतर. चारही पर्याय वाचल्याशिवाय लिहू नका. उत्तर लिहिताना प्रश्न क्रमांक, पर्यायाचं वर्णाक्षर आणि पुढे उत्तर, असं पूर्ण लिहा.

वेगळा घटक ओळखताना आधी उरलेल्या तिघांमध्ये सारखं काय आहे ते शोधा. झुरळ, फुलपाखरू, कोळी, गोगलगाय यांत गोगलगाय वेगळी, कारण बाकीचे तीन संधिपाद आहेत. सहसंबंधात पहिल्या जोडीतलं नातं मनात एका वाक्यात म्हणा: "द्विविभाजन करणारा अमिबा, तर कलिकायन करणारा...?" लगेच हायड्रा आठवतो. सूक्ष्मजीव आणि पदार्थ यांच्या जोड्यांना मात्र पाठांतराशिवाय इलाज नाही: व्हिनेगरला ॲसिटोबॅक्टर, सायट्रिक आम्लाला ॲस्परजिलस नायगर, दह्याला लॅक्टोबॅसिलाय. एका कागदावर लिहून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा.

घरचा सराव कसा करायचा

वाचणं म्हणजे सराव नव्हे. पाठ तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि 'येतं' असा भास होतो. येतं की नाही ते पुस्तक मिटून लिहिल्यावरच कळतं.

आठवड्याला एक पाठ घ्या. वाचून झाला की पुस्तक बंद करा आणि त्याच पाठाच्या स्वाध्यायातले तीन प्रश्न निवडा: एक कारण, एक फरक किंवा टीप, एक आकृती. घड्याळ लावा. दोन गुणांना सहा मिनिटं, तीन गुणांना नऊ. वेळ संपली की पेन खाली. मग पुस्तक उघडून स्वतःचं उत्तर तपासा, आणि जो मुद्दा राहिला तो लाल पेनने तिथेच लिहा. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा सोडवा आणि लाल रंग किती कमी झाला ते बघा. गाइडमधलं उत्तर उतरवून काढणं हा सराव नाही, त्यात हात चालतो आणि डोकं थांबलेलं असतं.

स्वाध्यायाबरोबरच पाठाच्या मधल्या चौकटीही सोडू नका. 'थोडे आठवा', 'जरा डोके चालवा', 'परिचय शास्त्रज्ञांचा' यांतून छोटे प्रश्न सहज काढता येतात. हरगोविंद खोराना कोण, कार्बनी वयमापनाची पद्धत कोणी विकसित केली (विलार्ड लिबी यांनी), अशी माहिती तिथेच असते आणि मुलं ती 'वाचायला दिलेली' समजून ओलांडून जातात.

सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी वेगळं सांगतो. तुमचा विज्ञानाचा पेपर इंग्रजीत असतो, पण शिकवताना वर्गात बरंचसं मराठीत बोललं जातं. त्यामुळे समजलेलं असतं मराठीत आणि लिहायचं असतं इंग्रजीत. प्रत्येक पाठातल्या वीसेक संज्ञांचं स्पेलिंग लिहून लिहून पक्कं करा, आणि उत्तरं छोट्या, सरळ वाक्यांत लिहा. लांब वाक्यात व्याकरण अडखळलं की विज्ञानही हरवतं.

पूर्वपरीक्षेच्या आधी निदान दोन पूर्ण पेपर सलग दोन तास बसून सोडवा. मधे पाणी प्यायलाही उठायचं नाही. आईबाबांना इथे एकच विनंती आहे: त्या दोन तासांत घरातला टीव्ही बंद ठेवा आणि मोबाइल तुमच्याकडे घ्या. उत्तर बरोबर आहे की नाही हे तुम्हाला तपासता आलं नाही तरी चालेल. प्रश्नाखाली रेघ मारली आहे का, फरकाचे मुद्दे समोरासमोर आहेत का, आकृतीला शीर्षक आहे का, एवढं तर कुणालाही बघता येतं.

प्रत्यक्ष दोन तास

१२० मिनिटं आणि ४० गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. पहिल्या प्रश्नाला पंधरा मिनिटं पुरतात. दुसऱ्याला अर्धा तास, तिसऱ्याला पाऊण तास, चौथ्याला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं उरतात. त्यातली पाच सुरुवातीला पेपर वाचायला, दहा शेवटी तपासायला.

सुरुवातीच्या पाच मिनिटांत पर्याय निवडून टाका. तिसऱ्या प्रश्नातल्या आठांपैकी जे पाच सोडवायचे त्यांवर खूण करा. निवडताना प्रश्न किती छोटा आहे ते बघू नका. रिकाम्या जागांचा परिच्छेद, पूर्ण करायचा तक्ता, नावं द्यायची आकृती असे प्रश्न लांबलचक दिसतात म्हणून मुलं टाळतात, पण त्यांत गुण तुकड्यातुकड्याने मिळतात. सगळं आलं नाही तरी काही तरी पदरात पडतंच. 'सविस्तर स्पष्ट करा' वाला एका ओळीचा प्रश्न मोहात पाडतो, आणि मग काय काय लिहू असं होऊन जातं. चौथ्या प्रश्नातही हेच बघा. पाच उपप्रश्न असलेला पर्याय असेल आणि त्यातले चार येत असतील, तर तो घ्यायला घाबरू नका.

उत्तरं क्रमानेच लिहा. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करा, उपप्रश्नाचा क्रमांक प्रश्नपत्रिकेत आहे अगदी तसाच समासात लिहा. क्रमांक चुकला की बरोबर उत्तरही परकं होतं. एखादा प्रश्न अडला तर तेवढी जागा सोडून पुढे चला. नऊ मिनिटांच्या प्रश्नावर वीस मिनिटं घालवली, तर शेवटी येत असलेला पाच गुणांचा प्रश्न अर्धा राहतो.

शेवटच्या दहा मिनिटांत सगळं पुन्हा वाचत बसू नका. ठरावीक गोष्टीच बघा: प्रश्न क्रमांक, आकृत्यांची नावं आणि शीर्षकं, 'उदाहरणासह' म्हटलेल्या ठिकाणी उदाहरण आहे का, फरकात एखादी ओळ एकाच बाजूला राहिली आहे का. पुरवणी घेतली असेल तर ती उत्तरपत्रिकेला नीट बांधा.

तपासलेला पेपर हातात आला की

घटक चाचणी, सहामाही, पूर्वपरीक्षा, प्रत्येकाचा पेपर घरी आला की गुण बघून तो कपाटात जातो. तो टेबलावर ठेवा. जिथे गुण कापलेत तिथे शेजारी पेन्सिलीने कारण लिहा, तीनच शक्यतांपैकी एक: 'येत नव्हतं', 'प्रश्न चुकीचा वाचला', 'अर्धंच लिहिलं'. कारण कळतच नसेल तर दुसऱ्या दिवशी बाईंना विचारा, "बाई, इथे अजून काय लिहायला हवं होतं?" गुण वाढवून मागायला गेलात असं त्यांना वाटणार नाही, उलट बरं वाटेल.

मग तिन्ही प्रकारचे गुण वेगवेगळे मिळवा. पहिल्या प्रकारचे जास्त असतील तर पाठ पुन्हा वाचायला हवेत. दुसऱ्या-तिसऱ्याचे जास्त असतील तर पुस्तक तूर्त बाजूला ठेवा आणि तेच प्रश्न नव्या कागदावर, घड्याळ लावून, पूर्ण उत्तरासह पुन्हा लिहा. पुढच्या चाचणीच्या आदल्या रात्री नवं काही वाचण्याऐवजी हे कागद काढून बसा.